परक्या बोक्याची हद्द

पुण्यामुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळांत, मासळीबाजारांच्या पिछाडीस किंवा रुग्णालयांच्या आवारांत जन्मून वाढलेले एखादे जखमी, उपाशी मांजर कोणी सहृदय माणूस उचलून घरी आणतो, त्याचे औषधपाणी करतो, त्याला अक्षरशः मरणाच्या दारातून परत आणतो. आणि अंगात थोडी शक्ती येताच तेच मांजर घरातल्या आधीच्या मांजरांवर तुटून पडू लागते, तेव्हा त्या माणसाच्या मनात दुःखाबरोबरच थोडा रागही उत्पन्न होतो. उपकाराची ही अशी फेड का, असे त्याला वाटते. हा राग समजण्याजोगा असला तरी तो अनाठायी आहे. मांजराच्या अशा वर्तनात कृतघ्नता शोधण्यात अर्थ नाही, आणि दुष्ट स्वभाव तर फारच क्वचित आढळतो. हा प्रश्न बहुधा हद्दीचा असतो, आणि हद्दीचा प्रश्न म्हणूनच तो हाताळला पाहिजे.

पाळीव मांजराचा पूर्वज हा आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर, म्हणजे एकट्याने शिकार करणारा प्राणी होय. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारीच पुरलेले मांजर सापडले आहे. माणसाशी त्याची सोबत इतकी जुनी असली तरी उंदीर हे एकाच तोंडाचे भक्ष्य असल्यामुळे शिकारीसाठी एकत्र येण्याची गरज त्याला कधी भासली नाही. त्यामुळे भांडण झाल्यावर तह करण्याचे जे संकेत कुत्र्यांच्या टोळीत असतात, ते मांजरांपाशी जवळजवळ नाहीत. त्यांची रीत भांडण मिटवण्याची नसून भांडण टाळण्याची आहे. जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी गेल्या शतकाच्या मध्यास असे दाखवून दिले की, एकाच परिसरातील मांजरे एकाच वाटेची वहिवाट निरनिराळ्या वेळी ठेवून परस्परांचा आमनासामना चुकवतात. दोन खोल्यांच्या सदनिकेत हा मार्गच खुंटतो. त्यातही मांजराच्या पिलाचे मन दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत माणसांना व इतर प्राण्यांना आपले म्हणण्यास सर्वांत अनुकूल असते. तो काळ ज्याने रस्त्यावर हाणामारीत काढला, त्या थोराड बोक्याला चार भिंतींत दुसरी मांजरे दिसली म्हणजे त्याच्या दृष्टीने माघारीची वाटच उरत नाही.

म्हणून पहिले काम पशुवैद्याकडे नेण्याचे. किडलेला दात, जुन्या चाव्याखाली साठलेला पू, वयस्कर मांजराच्या सांध्यांचे दुखणे किंवा कंठस्थ ग्रंथीचा विकार यांपैकी काहीही असले तरी ते मांजर अंगाला हात लावताच पंजा मारील, आणि त्या वेदनेवर शिस्तीचा कोणताही उपाय चालणार नाही. बोक्याचे निर्बीजीकरण अवश्य करून घ्यावे. मात्र रक्तातील संप्रेरके ओसरण्यास काही आठवडे लागतात, हे ध्यानात ठेवून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी गुण येण्याची अपेक्षा धरू नये. संसर्गजन्य रोगांची तपासणी व लसीकरण पुरे होईपर्यंत नव्या मांजराला वेगळे ठेवावेच लागते, आणि सुदैवाने हीच सक्ती त्याच्या मनाच्याही हिताची ठरते.

वेगळे ठेवणे म्हणजे शिक्षा नव्हे. एक लहान खोली, तीही नसल्यास मोठे न्हाणीघर, त्याच्या एकट्याच्या कब्जात द्यावे. तेथे वाळूचा ट्रे, पाणी, अन्न आणि लपण्यासाठी एखादे खोके असावे. मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात, आणि दाराच्या चौकटीस गाल घासताना ते त्या जागेवर आपली मोहोर उमटवीत असते. म्हणून ओळख करून द्यायची ती प्रथम वासाची. नव्याच्या गालावरून हळूच फिरवलेला पंचा जुन्यांच्या ताटलीजवळ ठेवावा आणि जुन्यांचा त्याच्या खोलीत. जुने मांजर तो पंचा हुंगते, फिस्कारते, दोन पावले मागे सरते, पुन्हा येऊन हुंगते आणि मग खाऊ लागते. हे शांतपणे खाणे सुरू झाले की पहिली पायरी चढली असे समजावे. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंस त्यांना जेवू घालावे, ताटल्या क्रमाक्रमाने दाराजवळ आणाव्यात, आणि त्यानंतरच नजरभेट होऊ द्यावी. आपल्याकडे पुष्कळ घरांच्या दाराला जाळीचे दुसरे दार असते. या कामी त्यासारखे साधन नाही. कोणीही गुरगुरू लागले तर पुन्हा मागल्या पायरीवर यावे. ही मुदत घरमालकाच्या सवडीने ठरत नाही, ती मांजरेच ठरवतात, आणि काही घरांत तिला महिनेही लागतात.

आपण आवाजाला भितो, पण खरी दहशत पुष्कळदा निःशब्द असते. बोका न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नुसता बसलेला असतो. कान किंचित बाजूला वळलेले, अंग ताठ, शेपटीचे टोक तेवढे हलते आहे, आणि नजर समोरच्या मांजरीवर खिळलेली. ती ट्रेकडे निघालेली असते. ती थबकते, दुसरीकडे पाहते आणि वळून निघून जाते. संध्याकाळी ती पांघरुणावर लघवी करते आणि घरातली माणसे तिलाच रागावतात! भांडण झाले हे कोणाला दिसलेलेच नसते. या अन्यायाचे मला फार वाईट वाटते, कारण नवागतावर दया करताना जुन्याचे हक्क बुडणार नाहीत याची जबाबदारी आपण आपण होऊन पत्करलेली असते. यास्तव मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे अधिक ठेवावा, आणि ते सारे ट्रे एका कोपऱ्यात न मांडता वेगवेगळ्या जागी ठेवावेत, म्हणजे एकाच मांजराला सगळ्यांची नाकेबंदी करता येणार नाही. अन्नपाण्याचीही तीच तजवीज करावी. कपाटाचा माथा, भिंतीवरची फळी, जाळी बसवलेली खिडकी अशा उंच जागा मोकळ्या करून दिल्या म्हणजे लहान घराचीही हद्द वरच्या अंगाने वाढते.

प्रत्यक्ष जुंपलीच तर मध्ये हात घालू नये. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा किंवा उशी दोघांच्या मध्ये सरकवून नजर तोडावी आणि त्यांना वेगळ्या खोल्यांत न्यावे. खिडकीबाहेर परके मांजर पाहून खवळलेले मांजर जवळच्या सोबत्यावरच राग काढते. हा क्षोभ कधी तासांनी, कधी दिवसांनी शमतो, तोवर त्यांना एकत्र आणू नये. पाण्याचा फवारा, आरडाओरड, मारझोड यांनी भय वाढते, आणि भयातूनच तर हल्ला होतो. मांजराचा दात बारीक आणि अणकुचीदार असल्यामुळे चावा वरून क्षुल्लक दिसतो, पण आत खोल जाऊन चिघळतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि रेबीजच्या लशीविषयी विचारावे.

बोक्याची उरलेली ऊर्जा दोरीला बांधलेल्या पिसामागे धावण्यात रोज थोडी खर्ची पडू द्यावी आणि खेळाच्या शेवटी त्याला खाऊ द्यावे. त्याच्याकडे टक लावून पाहू नये. डोळे हळूच मिटून उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे करणाऱ्या माणसाला मांजरेही तसाच प्रतिसाद देतात आणि त्याच्याजवळ अधिक विश्वासाने येतात, असे आढळले आहे.

एवढे सारे करूनही ती दोन मांजरे अंगाला अंग लावून झोपतीलच असे नाही. एकाच खोलीत पाठ फिरवून निर्धास्त बसू लागली, तरी यश पूर्ण मानावे. मात्र काही मांजरांना दुसरे मांजर कधीच सोसत नाही, आणि दीर्घकाळ प्रयत्न करून, पशुवैद्याचा सल्ला घेऊनही घरातली मांजरे भयाखालीच जगत असतील, तर मांजर नसलेल्या घरी नव्या मांजराची सोय लावून देणे हा पराभव नव्हे. तो त्या सगळ्यांना न्याय देण्याचाच मार्ग आहे. असे घर मिळेपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे, पण ज्या वाहनतळातून उचलले तेथे नेऊन सोडू नये. घराच्या अन्नाला सरावलेला प्राणी तेथे उपासमारीत पडतो, आणि विनाकारण प्राण्याला अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमान्वये गुन्हा आहे.