मनाचा कारभार (११) : धडधडत्या उराचे करावे काय?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ज्याच्यावर आयुष्यभर शस्त्र धरले त्या ‘पाहिजेच’ नामक हट्टाची उलटतपासणी या आठवड्यात पुरी करावी, असा माझा मानस होता. परंतु एका पत्राने तो तहकूब करणे भाग पाडले आहे. पत्रलेखक जिल्हा कचेरीत अव्वल कारकून आहेत, स्वतःच्या निरोपसमारंभात चार शब्द बोलण्याची पाळी त्यांच्यावर आली आहे, आणि त्यांची तक्रार अशी की, या लेखमालेतील विवेक वगैरे सर्व पटत असूनही ध्वनिक्षेपकापुढे उभे राहण्याच्या नुसत्या कल्पनेने ऊर धडधडू लागतो, घशाला कोरड पडते, आणि ‘शांत हो’ असे मनाला कितीही बजावले तरी ते दाद देत नाही. तेव्हा हे बजावणे अधिक परिणामकारक कसे करावे? माझे उत्तर असे की, ते करूच नये.

भीतीच्या क्षणी अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, नाडी जलद होते, स्नायू सज्ज होतात. आणि हा सारा बंदोबस्त आपल्या इच्छेच्या अखत्यारीबाहेरचा असल्यामुळे, ‘शांत हो’ हे फर्मान सुटले तरी त्याची अंमलबजावणी करणारे खाते जाग्यावर नसते. शिवाय या फर्मानात मागण्या दोन आहेत : देहाचा क्षोभ शमवावा, आणि अनिष्टाची अपेक्षा सोडून इष्टाची धरावी. हुरूप आणि धास्ती यांत देहाची अवस्था पुष्कळशी सारखीच असते. म्हणून धास्तीतून हुरुपाकडे जाताना फक्त दुसरी मागणी पुरवावी लागते. उधळलेला घोडा जागच्या जागी थोपवण्यापेक्षा त्याचे तोंड वळवणे सोपे, इतकाच याचा अर्थ.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे तपासले गेले. काही जणांना परक्या माणसासमोर कराओके गायला लावले व गुण देण्याचे काम यंत्रावर सोपवले. गाण्यापूर्वी कोणी ‘मला धास्ती वाटते आहे’ असे म्हणायचे, कोणी ‘मला हुरूप आला आहे’ असे, तर कोणी काहीच नाही. धास्ती बोलून दाखवणाऱ्यांची अचूकता शेकडा सुमारे ५३, मौन पाळणाऱ्यांची ६९ आणि हुरूपवाल्यांची ८० भरली. भाषणाच्या प्रयोगात तर ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ म्हणणारे अधिक वेळ बोलले, आणि परीक्षकांना अधिक पटले. मला सर्वांत प्रिय असलेला तपशील मात्र निराळाच आहे : गाणाऱ्या हुरूपवाल्यांची नाडी इतरांइतकीच जलद होती. धडधड होती तशीच राहिली, आणि गाणे सुधारले.

येथे आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही. या विचाराचे मूळ शॅक्टर आणि सिंगर यांच्या १९६२ च्या प्रयोगात आहे. त्यांनी लोकांना जीवनसत्त्वाच्या नावाखाली अ‍ॅड्रिनॅलिन टोचले आणि खोलीत एक साथीदार बसवला, जो कधी बागडे, तर कधी संतापे. आपल्या कंपाचे खरे कारण ज्यांना सांगितले नव्हते, त्यांनी त्या साथीदाराचाच भाव उचलावा, अशी त्यांची अटकळ होती. पुढे इतरांनी ताडून पाहता निष्कर्ष तितके स्वच्छ निघाले नाहीत, आणि पाठ्यपुस्तकांनी हा प्रयोग फाजील डोक्यावर घेतला, असे माझे मत आहे; तथापि धडधडीचा अर्थ परिस्थिती वाचून ठरवला जातो, हे बीज टिकले. जेमिसन व सहकाऱ्यांनी २०१० साली परीक्षार्थींना, ही हुरहूर कामगिरीला साहाय्यक ठरू शकते, एवढेच सांगितले, आणि त्यांचे गणिताचे गुण वाढले. भाषेच्या विभागात मात्र तसा लाभ दिसला नाही. म्हणजे ही जादू नव्हे. तालीम न केलेल्याला नुसता हुरूप तारील, असा दाखला मी तरी देणार नाही.

तेव्हा अव्वल कारकुनांनी व्यासपीठाची पायरी चढताना ‘मला बोलायचा हुरूप आला आहे’ असे ओठांतल्या ओठांत का होईना, पण उच्चारून म्हणावे, आणि ऊर धडधडत असेल तर खुशाल धडधडू द्यावा. ‘धडधड थांबलीच पाहिजे’ हाही एलिस यांच्या आरोपपत्रातला एक ‘पाहिजेच’ आहे, आणि त्याची सुनावणी पुढील आठवड्यात व्हायची आहे. पत्रासोबत त्यांनी भाषणाचा मसुदाही धाडला आहे. त्याची पहिली दोन पाने वरिष्ठांच्या नामावळीने व्यापली आहेत. ती त्यांनी गाळावीत, कारण तेवढी नावे हुद्द्यांसह बिनचूक घ्यायची म्हटली तर माझाही ऊर धडधडेल.