ग्रीन सॅलड की घोळाणा?

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातील गोष्ट. शहादा तालुक्यातील तिशीच्या एक बाई तपासणीसाठी आल्या होत्या. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, दुपारनंतर काम उरकत नाही, अशा तक्रारी होत्या. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढुरका. हिमोग्लोबिन निघाले ८.२. सिकलसेलची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीच्या घाईत म्हणालो, "ताई, आहारही सुधारा. रोज सॅलड खात जा."

तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ८.४. मला आश्चर्य वाटले. "गोळ्या घेतल्या ना?"

"आठवडाभर घेतल्या, डॉक्टरसाहेब. मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, म्हणून बंद केल्या. पण तुम्ही सांगितलेलं सॅलड एक दिवस चुकवलं नाही. दोन्ही वेळेला ताटली भरून."

"सॅलड म्हणजे काय काय?"

"काकडी, कांदा, टोमॅटो. हॉटेलात देतात ना, तसं."

चूक बाईंची नव्हती, माझी होती. 'सॅलड' म्हणताना माझ्या मनात हिरवा पाला होता, त्यांच्या डोळ्यांपुढे काकडीच्या चकत्या होत्या. गोळ्यांनी शौच काळे होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हेही मी सांगितले नव्हते. सहज विचारले, "माहेरी काय खात होतात?" त्या हसल्या. "माहेरी थंडीत रोज घोळाणा असायचा. इथं कोणी खात नाही. पाहुण्यांपुढे ठेवायला बरं दिसत नाही."

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आपल्या जिल्ह्यात कच्चा भाजीपाला खाण्याच्या दोन तऱ्हा सर्वांना ठाऊक आहेत. एक हॉटेलातले ग्रीन सॅलड, दुसरा घरचा घोळाणा. पहिल्याला प्रतिष्ठा मिळाली, दुसरा मागे पडत चालला. आरोग्याच्या दृष्टीने यांत डावे-उजवे काय, ते आज पाहू.

नावात हिरवे, ताटलीत किती?

ग्रीन सॅलड मागवले की काकडी, टोमॅटो, कांदा, मुळा, कधी बीट यांच्या चकत्या येतात. सोबत लिंबाची फोड आणि एखादी मिरची. नीट पाहिले तर यात हिरवे फारच थोडे. काकडीची साल हिरवी असते, ती बहुधा सोललेली असते. उरली मिरची, ती कोणी खात नाही!

घोळाण्याची कृती खानदेशी घरांत सांगावी लागत नाही, पण नव्या पिढीसाठी सांगतो. मेथीची कोवळी पाने, मुळ्याचा पाला, कांद्याची पात किंवा हरभऱ्याचे कोवळे शेंडे बारीक चिरायचे. त्यात कांदा, तिखट किंवा हिरवी मिरची, मीठ, शेंगदाण्याचे कूट आणि वरून कच्चे तेल घालून हाताने कालवायचे. ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर, भरिताबरोबर किंवा खिचडीबरोबर खायचे. चूल लागत नाही, वेळ लागत नाही.

आकडे काय सांगतात?

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. १०० ग्रॅम काकडीतून मिळणारे लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी, कॅल्शियम २० मिलिग्रॅमच्या आसपास आणि क जीवनसत्त्व १० मिलिग्रॅमच्या आत. याउलट १०० ग्रॅम मेथीच्या पानांत लोह ५ मिलिग्रॅमहून थोडे अधिक, कॅल्शियम सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व ५० मिलिग्रॅमच्या पुढे असते. शिवाय रक्त तयार होण्यास लागणारे फोलेट, डोळ्यांसाठी लागणारे कॅरोटिन आणि पोट साफ ठेवणारा चोथा पानांत कितीतरी जास्त. मुळ्याचेही तसेच. पांढरा मुळा आपण ताटात ठेवतो आणि पाला गुरांपुढे टाकतो. वास्तविक कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व मुळ्यापेक्षा त्याच्या पाल्यात अनेक पटींनी जास्त असते.

घोळाण्याची मांडणीही शहाणपणाची आहे. पानांतील कॅरोटिन शरीरात शोषले जायला स्निग्ध पदार्थ लागतो, तो कुटातून व तेलातून मिळतो. पाला बारीक चिरल्याने पानांतले घटक सुटे व्हायला मदत होते. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, पण येथे पाला शिजवलेला नसल्याने ते टिकते, आणि तेच जीवनसत्त्व पानांतील लोह शोषून घ्यायला मदत करते. वर अर्धे लिंबू पिळले तर आणखी चांगले. मात्र जेवणानंतर लगेच चहा घेतला तर यातला बराच फायदा वाया जातो, कारण चहातील टॅनिन लोह अडवते. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

मग काकडी वाईट का?

मुळीच नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा काकडीतले पाणी उपयोगी पडते. मधुमेही आणि वजन कमी करू पाहणाऱ्यांना जेवणाच्या सुरुवातीला काकडी-टोमॅटोची ताटली खाल्ल्याने पोट भरल्यासारखे वाटते आणि दोन घास कमी जातात. टोमॅटोतून क जीवनसत्त्वही मिळते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खा म्हणते. काकडी, टोमॅटो, गाजर हे सारे त्यात मोजले जाते. तक्रार काकडीबद्दल नाही. काकडी खाल्ली म्हणजे पालेभाजी खाल्ली, या समजुतीबद्दल आहे.

दुसऱ्या बाजूने घोळाण्याबद्दलही भ्रम नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. एका वेळच्या घोळाण्यात पाला जातो ५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे लोह मिळाले जेमतेम ३ मिलिग्रॅम, आणि पानांतले सगळे लोह अंगी लागत नाही, त्यातला थोडाच भाग शोषला जातो. ८ हिमोग्लोबिन असलेल्या बाईचे रक्त केवळ घोळाण्याने भरून येणार नाही. तिथे गोळ्याच हव्यात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. एवढ्या मोठ्या दुखण्याला एक पदार्थ पुरा पडत नाही. गोळ्या रक्त भरून काढतात आणि रोजचा आहार ते टिकवायला मदत करतो.

खरी मेख धुण्यात आहे

आता घोळाण्याची कमकुवत बाजू. काकडी सोलता येते, मेथी सोलता येत नाही. पाला जमिनीलगत वाढतो, पानापानांत माती अडकते आणि त्यावर चूल फिरत नाही. शेताला गटाराचे किंवा नाल्याचे पाणी दिले असेल, शेताजवळ लोक उघड्यावर शौचाला बसत असतील, तर टायफॉइड, आमांश, कावीळ यांचे जंतू आणि जंतांची अंडी पाल्याबरोबर थेट पोटात जातात.

यांतला एक आजार लोकांना नीट समजलेला नाही. "पत्ताकोबीतला किडा मेंदूत चढतो," असे रुग्ण सांगतात. कोबीवर दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. ज्या माणसाच्या आतड्यात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी आहे, त्याच्या शौचातून या कृमीची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. शौचाने दूषित झालेल्या मातीतून किंवा पाण्यातून ती कोणत्याही भाजीवर येऊ शकतात. अशी अंडी पोटात गेली तर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात, तेथे गाठी होतात आणि माणसाला फिट येऊ लागतात. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. यात कोबीचा दोष नाही, मेथीचाही नाही. दोष घाणीचा आहे.

हॉटेलातले सॅलड यातून सुटले असे समजू नका. सकाळी कापून ठेवलेल्या चकत्या दुपारपर्यंत उघड्या राहतात, माश्या बसतात, कोणत्या पाण्याने धुतल्या ते आपल्याला दिसत नाही. कापलेल्या फळभाजीवर जंतू झपाट्याने वाढतात आणि जीवनसत्त्वही कमी होत जाते. बाहेर खायचेच असेल तर आपल्यासमोर ताजे कापून द्यायला सांगावे. ते जमत नसेल तर ताटली परत पाठवण्यात संकोच करू नये.

पाला असा धुवा

१. जुडी सोडून मुळे, जाड देठ, पिवळी व सडकी पाने काढून टाका. जुडी बांधलेली असताना धुण्यात अर्थ नाही.

२. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने त्यात खळबळून घ्या. मग पाणी ओतून देण्याऐवजी पाने वर उचलून काढा. म्हणजे माती तळाशी राहते. पाणी ओतले तर तीच माती पुन्हा पानांवर बसते.

३. तळाला रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला. तीन-चार वेळा तरी बदलावेच लागते. शेवटचे पाणी पिण्याचे असावे.

४. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या-किडे सुटायला मदत होते, पण सगळे जंतू त्याने मरत नाहीत. मीठ घातले म्हणून धुणे कमी करू नका. साबण किंवा भांड्यांची पावडर कधीही वापरू नका.

५. धुतल्यानंतरच चिरा. चिरून धुतले तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते.

६. मटण-मासे कापलेली विळी किंवा सुरी धुतल्याशिवाय पाल्याला लावू नका. हात साबणाने धुवा. कालवल्यावर लगेच खा, संध्याकाळसाठी ठेवू नका.

पावसाळ्यात मात्र कच्चा पाला टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत शेतातले घाण पाणी सगळीकडे पसरते. तेव्हा मेथी शिजवूनच खावी. शिजवल्याने क जीवनसत्त्व घटते, पण लोह व कॅल्शियम राहते, आणि शिजवलेल्या पानांतले कॅरोटिन अधिक चांगले शोषले जाते. घोळाणा हे थंडीचे खाणे आहे, ते थंडीतच शोभते.

कोणी जपून?

लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना पालेभाजी हवीच, पण स्वच्छतेची खात्री नसेल तर शिजवून द्यावी. हृदयाची झडप बदललेले आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेणारे रुग्ण असतात. पानांतील के जीवनसत्त्वामुळे त्यांच्या औषधाचा परिणाम कमी होतो. त्यांनी पाला एकदम वाढवू नये किंवा एकदम बंदही करू नये, डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांनी विचारल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच मनाने वाढवू नये. रक्तदाब असेल तर मीठ कमी करून लिंबू वाढवा. वजन जास्त असेल तर कूट दोन चमच्यांवर नेऊ नका.

आपल्या जिल्ह्यासाठी एक सूचना महत्त्वाची. येथे भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत याची तपासणी केली जाते. हा आजार जन्मजात आहे, कोणत्याही भाजीने बरा होत नाही आणि भाजी न खाल्ल्याने होतही नाही. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त कमी असले तरी त्याला लोह कमी असेलच असे नाही, विशेषतः वारंवार रक्त चढवले असेल तर शरीरात लोह जास्तही झालेले असते. म्हणून रक्त कमी निघाले की दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नका. आधी कारण शोधा.

आता त्या बाईंचे पुढे काय झाले ते सांगतो. गोळी बदलून दिली, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितले, काळ्या शौचाचे कारण समजावले आणि चहाची वेळ पुढे ढकलली. जंताचे औषधही दिले. "आणि घोळाणा?" त्यांनी विचारले. म्हटले, "माहेरासारखा करा, फक्त माहेरापेक्षा दोन पाणी जास्त धुवा." चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले. ही करामत मुख्यतः गोळ्यांची, हे मी त्यांनाही सांगितले. गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवून मग थांबवल्या. त्यानंतर एक वर्षाने पुन्हा तपासले तेव्हाही आकडा ११च्या खाली आला नव्हता. आता सासूबाईही घोळाणा मागून घेतात, असे त्या म्हणाल्या.

मीही एक सवय बदलली. रुग्णाला आता 'सॅलड खा' असे मोघम सांगत नाही. उन्हाळ्यात काकडी म्हणतो, थंडीत मेथी किंवा मुळ्याचा पाला म्हणतो, किती मुठी ते सांगतो आणि कसा धुवायचा तेही सांगतो. दोन मिनिटे जास्त लागतात. बाजारात मेथीच्या जुड्या आल्या आहेत का ते पाहा, आणि यंदा मुळे घेताना भाजीवाल्याला पाला तोडू देऊ नका.