विद्यापीठीय निर्णयप्रक्रियेतील विद्यार्थी सहभाग : खानदेशच्या संदर्भात लवचीक मार्गांचा विचार

प्रस्तावना :
१५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र होय. विद्यापीठाचे मुख्यालय जळगावला असले, तरी बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. परिणामी निर्णयाचे ठिकाण आणि त्याचे परिणाम अनुभवणारा विद्यार्थी यांत अंतर पडते.

कायदेशीर तरतुदी :
१९९४ च्या अधिनियमानुसार वर्गप्रतिनिधी गुणवत्तेच्या आधारे नियुक्त होत असे. त्यामुळे निवडणुकीतील संघर्ष टळला. परंतु प्रतिनिधी निवडण्याचा विद्यार्थ्यांचा अधिकारही संपुष्टात आला. २००६ मध्ये लिंगडोह समितीने सर्वत्र एकच पद्धत न सुचविता विद्यापीठाच्या आकारमानानुसार प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष निवडणुकीचे पर्याय मांडले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने महाविद्यालयीन स्तरावर प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद केली. तथापि २०१९ मध्ये योजलेल्या निवडणुका विधानसभा निवडणुकीमुळे लांबणीवर पडल्या. पुढे करोनाचा काळ आला. याच अधिनियमाने महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षास व सचिवास स्थान दिले आहे. परिषदच गठित न झाल्यास शुल्क, ग्रंथालय व वसतिगृह यांवरील चर्चेत विद्यार्थ्यांचा निर्वाचित आवाज उरत नाही.

लवचीक मार्ग :
निवडणूक हा सहभागाचा पाया असला, तरी तो एकमेव मार्ग नव्हे. साक्री किंवा शिरपूर तालुक्यातील, एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला जळगावच्या बैठकीसाठी संपूर्ण दिवस खर्ची घालावा लागतो. कापूस वेचणीच्या हंगामात अनेकांना ते शक्य होत नाही. म्हणून बैठका जिल्हानिहाय आळीपाळीने घेणे, विषयपत्रिका आगाऊ वर्गात वाचून लेखी सूचना मागविणे, तसेच वसतिगृहवासी, आदिवासी व विद्यार्थिनी यांच्या प्रतिनिधींना संबंधित विषयापुरते निमंत्रित करणे, हे मार्ग अवलंबिता येतील. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष व रॅगिंग प्रतिबंधक समिती यांवर विद्यार्थ्यांना स्थान असतेच. ते केवळ स्वाक्षरीपुरते उरू नये.

समारोप :
या मार्गांना निवडणुकीचा पर्याय मानणे मात्र धोक्याचे ठरेल, कारण निमंत्रित प्रतिनिधी निमंत्रकाला उत्तरदायी राहतो, तर निर्वाचित प्रतिनिधी विद्यार्थ्यांना. आलेल्या प्रत्येक सूचनेवर काय निर्णय झाला, हे कारणांसह सूचनाफलकावर लावणे हे सहभागाचे पहिले गमक होय. त्याची सुरुवात प्राध्यापकांना आपल्या महाविद्यालयापासून करता येईल.