पावणेदोन किलोचं बाळ आणि छातीची ऊब

या हिवाळी सुट्टीत मी साताऱ्याला गेलो नाही. मानेसरला माझे काका राहतात. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते शिफ्ट इंजिनिअर आहेत आणि तेच माझे लोकल गार्डियन. डिसेंबरात काकूला बाळ झालं, पण ठरलेल्या तारखेच्या आठ आठवडे आधी. वजन १५६० ग्रॅम. साडेतीन आठवडे हॉस्पिटलात राहून ते घरी आलं तेव्हा १७८० ग्रॅमचं होतं. म्हणजे ड्रिलला आपण जी रायफल खांद्यावर घेतो, तिच्या निम्म्यानंसुद्धा नाही.

घरी सोडताना सिस्टरनी काकूला एक फडकं कसं बांधायचं ते दाखवलं आणि सांगितलं, "दिवसातले जितके तास जमतील तितके तास बाळ छातीवर. आईच्या नाहीतर बाबांच्या. घरातलं कोणीही चालेल." हे 'कोणीही' माझ्यापर्यंत येईल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

आजी साताऱ्याहून आली होती. तिचं म्हणणं वेगळं होतं. तिनं माझ्या बाबांना आणि काकांना शेक-शेगडी करून, धुरी देऊन, तेल लावून वाढवलेलं. शिवाय तिच्या मनात एक जुनी भीती होती: सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. ही समजूत साताऱ्यात आहे तशी हरियाणातही आहे, शेजारच्या ताईंनीही तेच बोलून दाखवलं. ती खरी नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. पण आजीची भीती खोटी नव्हती. अशी बाळं दगावताना तिनं पाहिली होती, आणि थंडीत जास्त पाहिली होती.

थंडीचं हे काय गणित आहे ते मी सुट्टीभर विचारत आणि वाचत राहिलो. आपल्याला फर्स्ट एडच्या तासाला हायपोथर्मिया शिकवतात तो डोंगरावरच्या जवानाचा. मोठ्या माणसाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की तो सुरू झाला असं धरतात. नवजात बाळाची रेषा त्याहून बरीच वर आहे. त्याचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राहायला हवं. ३६.५ च्या खाली आलं की बाळ गारठू लागलं, ३६ च्या खाली मध्यम हायपोथर्मिया आणि ३२ च्या खाली तीव्र. म्हणजे आपण ज्या तापमानाला परेड करू शकतो, त्या तापमानाला ते बाळ संकटात असतं.

कारण सोपं आहे. वस्तू जितकी लहान, तितकं तिच्या वजनाच्या मानानं तिचं बाहेरचं क्षेत्रफळ जास्त. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहाच्या आधी निवतो, तसं. त्यात या बाळाची कातडी पातळ आणि कातडीखाली चरबी जवळजवळ नाही. सातवीत आपण उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण पाठ करतो. ते तिन्ही प्रकार इथे एका बाळावर दिसतात. थंड वजनकाट्यावर ठेवलं की वहन. दार उघडं राहून वारा लागला की अभिसरण. जानेवारीतल्या गार भिंतीजवळ पाळणा असला, तर भिंतीला हात न लावताही प्रारणानं उष्णता जाते. आणि जन्मतः अंग ओलं असतं, म्हणून बाष्पीभवन. जन्मल्याबरोबर बाळ कोरडं करायचं आणि आंघोळीची घाई करायची नाही, असं सांगतात ते यासाठी.

आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो. स्नायू हलतात, त्यातून उष्णता निघते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्याकडे खांद्याच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एक तपकिरी रंगाची चरबी असते, ती जाळून ते ऊब तयार करतं. ही चरबी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत साठते. आधी जन्मलेल्या बाळाची शिदोरीच अपुरी. जी थोडी असते ती जाळायलाही साखर आणि ऑक्सिजन लागतो. मग रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो, बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही, आणि दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. बाळ 'शांत झोपलंय' असं घरच्यांना वाटतं, तेव्हा ते गारठलेलं असू शकतं.

मग शेगडी का नको? आजीचा हाच प्रश्न होता. एक तर बंद खोलीत कोळसा जाळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अंगीठी लावून झोपलेली माणसं यानं गेल्याच्या बातम्या येतात. दुसरं म्हणजे शेगडी काय किंवा हीटर काय, बाळाला आता किती ऊब हवी ते त्याला कळत नाही. एक बाजू पोळते, दुसरी गार राहते. माणसाची छाती ३७ अंशांच्या आसपास असते आणि शरीर ते तापमान स्वतः सांभाळतं. ती वीज गेल्यावर बंद पडत नाही. (आमच्या सोसायटीत त्या महिन्यात वीज बऱ्याचदा गेली, आणि जनरेटरवर हीटर चालवायला परवानगी नाही.)

या पद्धतीचं नाव कांगारू मदर केअर. कांगारूचं पिल्लू जेमतेम इंचभर लांबीचं जन्मतं आणि आईच्या पिशवीत वाढतं, त्यावरून. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली आणि डॉ. एक्टर मार्टिनेझ यांनी त्यांच्यासोबत पुढे नेली. त्यांच्या सरकारी हॉस्पिटलात इन्क्युबेटर कमी होते. एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीला बांधली. बाळं तर टिकलीच, शिवाय आयांना दूध जास्त येऊ लागलं आणि बाळ टाकून जाण्याचे प्रकार कमी झाले. पुष्कळ वर्षं याला गरिबांचा इन्क्युबेटर म्हणत. आज स्वीडनसारख्या श्रीमंत देशांतही हे केलं जातं.

मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते हे की याचे दोन मोठे पुरावे मानेसरच्या अगदी जवळचे आहेत. केएमपी एक्स्प्रेसवे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. कुंडली, मानेसर, पलवल. त्यातल्या पलवल आणि त्याला लागून असलेल्या फरिदाबाद जिल्ह्यात २०१५ ते २०१८ मध्ये आठ हजारांहून जास्त कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास झाला. बाळं १५०० ते २२५० ग्रॅमची, आणि सगळं घरी, हॉस्पिटलात नव्हे. काही कुटुंबांना कांगारू पद्धत शिकवली आणि घरी जाऊन मदत केली, बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. शिकवलेल्या गटात पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी आणि पहिल्या सहा महिन्यांतले सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. त्या आयांनी दिवसाला सरासरी साडेअकरा तास बाळ छातीशी धरलं होतं. साडेअकरा तास! याचा अर्थ तितके तास त्या घरात भाकऱ्या, धुणं, जनावरं दुसऱ्या कोणीतरी बघितली असणार. माझ्या मते औषध तेही होतं.

दुसरा पुरावा दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांत एक चाचणी झाली, तिचं भारतातलं केंद्र ते होतं. तोवरचा नियम असा की बाळ आधी यंत्रांखाली स्थिर होऊ द्यायचं, मग आईकडे द्यायचं. या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच छातीवर घेतलं. त्यासाठी नवजात अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा टाकल्या. जुन्या पद्धतीत १०० पैकी जवळपास १६ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावली, नव्या पद्धतीत १२. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्याआधीच थांबवली, कारण दुसऱ्या गटाला तसंच ठेवणं योग्य नव्हतं. निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सल्ला बदलला: लगेच सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास. ज्याला स्वतः श्वास घेता येत नाही, जे व्हेंटिलेटरवर किंवा शॉकमध्ये आहे, तेवढं बाळ सोडून.

हे वाचून मी काकूला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचं बाळ जिथे होतं तिथे तिला पहिले चार दिवस काचेतून बघू दिलं होतं. "मला वाटायचं, मी हात लावला तर त्याला काहीतरी होईल," ती म्हणाली.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण दिलं नाही तर आजी रागावेल, आणि ते आहेही मोठं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या आरोग्यदूत. त्यांच्याकडे थर्मामीटर, वजनकाटा आणि बाळाला ठेवायची उबदार पिशवी असे. पद्धत कांगारूची नव्हती, पण बाळ घरातच उबदार ठेवता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन-चार वर्षांत २५ च्या जवळ आला. आज देशभर आशाताई नवजात बाळ बघायला घरी येतात, त्यामागे हे काम आहे. आणि काम संपलेलं नाही. २०२० साली भारतात अंदाजे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, जगातली पाचातली एक.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. घेणाऱ्याची छाती उघडी. बाळ उभं, छातीच्या मधोमध, पोट आपल्या छातीला टेकलेलं, पाय बेडकासारखे बाहेर वाकलेले. मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. हनुवटी छातीत रुतू द्यायची नाही. वरून फडकं बांधायचं, त्यावर शर्ट किंवा शाल. आपण आडवं झोपायचं नाही, उशा लावून रेलून बसायचं. एका वेळी निदान एक तास, कारण सारखं काढ-घाल केल्यानं बाळ दमतं. घेणाऱ्याला सर्दी, ताप, खरूज असेल तर नाही. तंबाखू-सिगरेटवाल्यानं तर नाहीच. बाळाला ऊब पुरते का ते हाताच्या मागच्या बाजूनं बघायचं: पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असले तर ठीक, पोट कोमट पण तळपाय गार असले तर गारठायला लागलंय, लगेच छातीवर घ्यायचं, दोन्ही गार असले, किंवा बाळ दूध पीत नसेल, निळसर दिसत असेल, श्वास थांबत असेल, तर छातीवरच ठेवून हॉस्पिटल गाठायचं.

पहिला आठवडा काकू आणि काका आलटून पालटून बसले. मग काकांची रात्रपाळी लागली आणि काकूला ताप आला. आजीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आजी, मला नाही जमणार." ती म्हणाली, "अरे, सहा-सहा तास पहारा देणाऱ्यांच्या शाळेत शिकतोस ना? बस गप." काकूनं फोनवर हॉस्पिटलात विचारलं. हरकत नाही म्हणाले. मी आंघोळ केली, कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट काढला, आणि आजीनं त्याला माझ्या छातीवर ठेवलं.

पहिली दहा मिनिटं मी श्वाससुद्धा नीट घेत नव्हतो. सावधानमध्ये उभं राहणं यापेक्षा सोपं. त्याचे तळपाय मोज्यातूनही गार लागत होते. तो माझ्यापेक्षा खूप भराभर श्वास घेत होता, मधेच थांबायचा, आणि मी आजीकडे बघायचो. अर्ध्या तासानं आजीनं मोजा सरकवून बोट लावलं आणि म्हणाली, "आला." ऊब आली असं तिला म्हणायचं होतं. सव्वा तास झाला तेव्हा माझा उजवा पाय बधिर झाला होता. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत दुपारचे दोन ते चार माझे. आजीनं शेगडी माळ्यावर टाकली. तेल मात्र ती वजन वाढल्यावर लावणार म्हणजे लावणार.

एक प्रश्न मी सुरुवातीलाच सिस्टरना विचारायला सांगितला होता: हे कधी थांबवायचं? त्यांचं उत्तर होतं, साधारण अडीच किलोला बाळ स्वतःच सांगतं. त्याला गरम व्हायला लागतं, ते हातपाय मारतं, फडक्यातून बाहेर यायला बघतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी फोनच्या तासाला काकूनं सांगितलं की वजन २४९० भरलंय, आणि काल काका त्याला घेऊन बसले होते तेव्हा त्यानं त्यांच्या पोटात अशी लाथ मारली की चहा सांडला.