वाफ तीच, आग वेगळी

तेल्हारा गावात रूळ कधी आलेच नाहीत. तालुक्याला आगगाडी माहीत आहे ती अडगाव बुद्रुक आणि हिवरखेड या स्टेशनांमुळे. अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याला जाणारी ती मीटरगेजची लाईन. हिवरखेड सुटलं की सातपुड्याच्या पायथ्याशी भिडायची, वान रोड, धूळघाट करत मेळघाटात शिरायची. धूळघाटला तर चढ आवरण्यासाठी रूळ स्वतःभोवतीच वळसा घेत. ही लाईन २०१७ उजाडताना बंद झाली. पुढे अकोटपर्यंत ब्रॉडगेज आलं. अकोटच्या पलीकडे नवे रूळ व्याघ्र प्रकल्पातून न्यायचे की जंगलाला बाहेरून वळसा घालून, यावर मात्र वर्षानुवर्षं वाद चालला.

एक मीटर रुंदीच्या रुळांवर वाफेचं इंजिन रोजच्या गाडीला लागलेलं पाहायचं, तर आता देशात एकच जागा उरली आहे. तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरातला मेट्टुपालयम ते कुन्नूर हा घाट. आपल्याकडून ऊटीला जाणारी मंडळी त्या इंजिनाजवळ उभी राहून फोटो काढतात आणि ‘कोळशाची गाडी’ म्हणून पुढे पाठवतात. त्यातल्या बऱ्याच इंजिनांच्या भट्टीत कोळसा नसतोच. तिथे तेल जळतं.

हा बदल का झाला, हे समजून घ्यायला आधी घाट बघायला हवा. ही लाईन १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये ऊटीपर्यंत पोहोचली. लांबी सुमारे ४६ किलोमीटर. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात सर्वांत कठीण चढ साधारण १२ फुटांना एक फूट आहे. एवढ्या चढावर गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर घसरणारच, म्हणून मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे. इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी वर रेटतं. इंजिन उताराच्या बाजूला, म्हणजे डब्यांच्या मागे असतं. ओढत नाही, ढकलतं. या ‘एक्स’ वर्गाच्या इंजिनांना चार सिलिंडर आहेत. दोन नेहमीची चाकं फिरवतात. दातेरी टप्पा आला की त्यांतून बाहेर पडलेली, थोडी थकलेली वाफ उरलेल्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. मूळ इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बनली. २००५ मध्ये ही रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

चढावर इंजिन जीव तोडून काम करतं तेव्हा धुराड्यातून जोरात वाफ सुटते. तिच्या ओढीने भट्टीतली हवा खेचली जाते आणि त्या हवेबरोबर जळते कोळशाचे कण बाहेर पडतात. ठिणग्या अडवायला जाळी बसवता येते, पण जाळी बारीक केली की ओढ कमी होते आणि इंजिन वाफ धरत नाही. उन्हाळ्यात निलगिरीच्या उतारावरचं गवत वाळलेलं असतं. ठिणगी पडली की वणवा. त्यात भारतीय कोळशात राख फार, बऱ्याचदा तीस-चाळीस टक्के. देशातली वाफेची इंजिनं गेल्यावर त्यांना लागणारा चांगला कोळसा थोड्या इंजिनांसाठी कोण राखून ठेवणार? जंगल आणि कोळसा या दोन अडचणींनी मिळून तेलाची वाट दाखवली.

कोळशाच्या भट्टीत खाली लोखंडी जाळी असते, तिच्यावर निखाऱ्यांचा थर. तेलासाठी ती जाळी काढून टाकतात आणि भट्टीचा तळ व बाजू उष्णतारोधक विटांनी बांधून काढतात. जुन्या, रूढ पद्धतीत बर्नरमध्ये वरून तेलाची धार येते आणि खालून वाफेचा झोत तिला फोडून तुषार करतो. जळतो तो हा तुषार. नुसतं तेल ओतलं तर काजळी होईल, आग नाही. पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे, त्यांना यातला अर्धा भाग सांगावा लागणार नाही. तिथेही आधी बर्नर तापवावा लागतो, तिथेही नोझलमध्ये कचरा अडकला की ज्योत पिवळी होते आणि पिन शोधावी लागते.

फर्नेस ऑइल हे थंडीत गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं, म्हणून टाकीत वाफेच्या नळ्यांचं वेटोळं सोडून ते आधी तापवतात. कोळशाची कोठी जाऊन तिथे टाकी येते. आता पेच असा की तेल फोडायला वाफ हवी आणि वाफ करायला आग हवी. सकाळी थंड इंजिन पेटवायचं तर पहिली वाफ किंवा दाबाची हवा बाहेरून आणावी लागते. कोळशाच्या इंजिनाला हे नखरे नव्हते. लाकूडफाटा आणि काडेपेटी असली की ते कुठेही, कधीही पेटायचं.

बदल्यात मिळतं बरंच. किलोमागे फर्नेस ऑइलची उष्णता सुमारे दहा हजार किलोकॅलरी, म्हणजे आपल्या कोळशाच्या दुपटीहून जास्त. राख नाही. वितळून गोठलेल्या राखेचे ढेकूळ, म्हणजे क्लिंकर, तोडणं नाही. पाळी संपल्यावर राखेची पेटी रिकामी करणं नाही. नळ्यांत काजळी साचते तेवढी काढायची. त्यासाठी इंजिन जोरात चालू असताना भट्टीत थोडी वाळू टाकतात. ती वाळू ओढीने नळ्यांतून जाते आणि काजळी खरवडून धुराड्यातून बाहेर पडते. तेव्हा मागे काळाकुट्ट ढग सुटतो. त्या वेळी स्टेशनात लोक असले तर पांढरे कपडे घालणाऱ्यांची खैर नसते.

मला या सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो फायरमन. कोळशाच्या इंजिनावर त्याचं काम खांद्यांचं. कुठल्या कोपऱ्यात किती टाकायचं, आग पातळ कुठे झाली, चढ येण्याआधी किती रचून ठेवायची, हे तो हातांनी शिकायचा. तेल आलं आणि हातातलं फावडं गेलं, त्याच्या जागी एक व्हॉल्व्ह आला. काम हलकं झालं असं बाहेरच्याला वाटतं. खरं तर ते हातातून डोळ्यांत गेलं. फायरमन आता धुराड्याकडे बघत असतो. धूर काळा झाला की तेल जास्त. काहीच दिसेना तर हवा जास्त, म्हणजे थंड हवा विनाकारण बॉयलरमधून जाते आहे. फिक्कट, पातळ करडी झाक दिसली की बरोबर. ड्रायव्हरने वाफ बंद केली की ओढ एका क्षणात कमी होते. त्याच क्षणी तेल कमी केलं नाही तर ज्वाळा भट्टीच्या दारातून उलट बाहेर येऊ शकतात. कोळशाच्या आगीला थोडा धीर असतो, तेलाची आग लगेच भडकते आणि लगेच विझते. हा वेगच बॉयलरला महाग पडतो. भट्टीचे तांब्याचे किंवा पोलादी पत्रे एकदम तापले, एकदम थंड झाले की नळ्यांचे सांधे गळायला लागतात. म्हणून तेलाच्या इंजिनावर घाई करणारा माणूस नको असतो.

निलगिरीत २००० नंतरच्या वर्षांत ३७३९५ क्रमांकाचं इंजिन तेलावर आणलं. मग तिरुचिरापल्लीजवळच्या पोन्मलई, म्हणजे गोल्डन रॉक रेल्वे कारखान्याने धाडस केलं आणि नवं वाफेचं इंजिन बनवायला घेतलं. ३७३९६ हे तेलावर चालणारं पहिलं नवं एक्स इंजिन २०११ मध्ये सेवेत आलं आणि त्यामागून आणखी तीन आली. एकविसाव्या शतकात जगात फार थोड्या ठिकाणी रोजच्या गाडीसाठी वाफेचं इंजिन नव्याने बनतं, त्यात हा कारखाना आहे. तो ज्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती करतो, त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि यात नवल नाही.

तेलाची ही पद्धत दार्जिलिंगलाही नेली होती. ‘बी’ वर्गाचं ७८७ क्रमांकाचं छोटं इंजिन तेलावर आणताना त्याच्यावर बर्नरसाठी डिझेलवर चालणारा जनित्र संच, ब्रेकसाठी डिझेलचा कॉम्प्रेसर आणि विजेवर चालणारा पाण्याचा पंप असा सरंजाम चढवला. इंजिनाचा चेहरामोहराच बदलला. चाचण्यांत ते जमलं नाही आणि नियमित सेवेत कधी लागलं नाही. पुढे ते पुन्हा कोळशावर आणण्यासाठी कार्यशाळेत गेलं. मोठं आणि छोटं इंजिन, हा फरक कागदावर लहान वाटतो, पण भट्टीची जागाच इवलीशी असेल तर तिथे बर्नर सुखाने जळेलच असं नाही. दार्जिलिंगच्या त्या चिमुकल्या इंजिनांना कोळशावरच सोडून द्यावं असं मी म्हणेन. पुढे पोन्मलईनेही २०२१ मध्ये निलगिरीसाठी कोळशावर चालणारं एक नवं एक्स इंजिन बनवलं.

आपल्या माथेरानचीही यात एक छोटी जागा आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या लाईनची मूळ इंजिनं जर्मनीच्या ऑरेनस्टाइन आणि कॉपेलची होती. ती कामावरून गेल्यावर खूप वर्षांनी, २००१ मध्ये, दार्जिलिंगचं ७९४ नेरळला आणलं. ते मे २००२ मध्ये पर्यटकांच्या खास गाडीला लागलं. अलीकडे नेरळला डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं आहे, धुराड्यासकट. पोरं खूश होतात, त्याला माझी हरकत नाही. पण त्या सोंगापेक्षा निलगिरीतलं तेलाचं इंजिन हजारपटीने खरं, कारण त्याच्या पोटात अजून खरी वाफ आहे.

तेल हे काही आजचं नाही. १८८० च्या दशकात रशियातल्या ग्राझी-त्सारित्सिन रेल्वेवर टॉमस अर्कहार्ट या स्कॉटिश अभियंत्याने बाकूकडून येणाऱ्या तेलाच्या गाळावर इंजिनं चालवून दाखवली. कॅस्पियनकाठी तेल सापडत होतं आणि कोळसा दुरून आणावा लागे. इंग्लंडमध्ये रेल्वे अभियंता जेम्स होल्डनला कारण वेगळं मिळालं. त्याच्या कारखान्यात दिव्यांसाठी तेलापासून वायू बनवायचे आणि उरलेलं डांबरी पाणी ओढ्यात जाऊन तक्रारी यायच्या. ते टाकण्यापेक्षा जाळावं म्हणून त्याने १८९३ मध्ये एक इंजिन तेलावर आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पेट्रोलिया’. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने १,२१७ इंजिनं तेलावर आणायचं ठरवलं. नव्वद-एक इंजिनं बदलून झाल्यावर लक्षात आलं की तेल विकत घ्यायला परकीय चलनच नाही. १९४८ मध्ये बेत गुंडाळला. सरकारी नियोजन म्हणजे असं असतं, हे फक्त आपल्याकडेच नाही म्हणायला बरं वाटतं.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ड्युरँगो-सिल्व्हर्टन या जुन्या नॅरोगेज लाईनवर २०१८ च्या जूनमध्ये मोठा वणवा लागला. सुमारे ५४ हजार एकर जंगल जळालं. सरकारने रेल्वेवर दावा लावला आणि २०२२ मध्ये रेल्वेने चूक कबूल न करता दोन कोटी डॉलरवर तडजोड केली. त्याच काळात त्यांनी आपली कोळशाची इंजिनं एकेक करून तेलावर आणायला सुरुवात केली. आणि उलट दिशेची गोष्टही आहे. वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेने ठिणग्यांच्या भीतीने १९७० च्या आसपास तेल घेतलं आणि तेल महागल्यावर २००७ च्या सुमारास पुन्हा कोळसा घेतला. म्हणजे इंजिन कशावर चालतं, ते इंजिनावर थोडंच अवलंबून असतं. रुळाच्या बाजूला काय आहे आणि बाजारात काय स्वस्त आहे, त्यावर जास्त.

वऱ्हाडात रुळाच्या बाजूला कापूस होता. मुर्तिजापूर ते अचलपूर आणि मुर्तिजापूर ते यवतमाळ अशी ‘शकुंतला’ धावायची, ती कापसासाठीच घातलेली. तिचं झेडडी वर्गाचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं. १९२३ पासून ते याच रुळांवर सत्तर वर्षं धावलं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढलं आणि डिझेल आलं. आता गाडीही बंद आहे. जुनी इंजिनं बघायची तर नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जावं लागतं. तिथली धुरापासून मुक्त, रंग दिलेली, गप्प इंजिनं बघताना आपण काय जपलं, असा प्रश्न पडतो. लोखंड जपलं. आग जपायची तर तिला रोज पेटवणारी माणसं लागतात आणि पगारही लागतो.

रेल्वे मंत्रालयाची पुढची योजना हायड्रोजनची आहे. वारसा मार्गांसाठी ३५ गाड्या, गाडीमागे अंदाजे ८० कोटी रुपये. त्यात निलगिरीही आहे आणि माथेरानही. धूर नसेल, ठिणगी नसेल. ते चांगलंच आहे, मी मुळीच विरोधात नाही. फक्त वाफेची गाडी तिच्या शेजारी चालू राहावी, आणि नव्या मुलांना फायरमन करताना आधी कोळशाचं इंजिन शिकवावं, मग तेलाचं. कोळशाच्या आगीत चूक केली तर ती काही मिनिटांनी दिसते, सुधारता येते. तेलात ती लगेच दिसते आणि शिकणाऱ्याला सावरायला वेळ देत नाही.

शकुंतलेवर कधी एखादा वाफेचा फेरा झालाच, तर काय जाळावं, हेही मी मनाशी ठरवून ठेवलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये रुळालगत पऱ्हाट्या वाळून उभ्या असतात, तेव्हा तेल. आषाढात शेत भिजलेलं असतं, तेव्हा कोळसा चालेल. अर्थात असं करता येत नाही. भट्टी एकदा विटांनी बांधली की दर हंगामाला ती उकलून बांधणारा गवंडी मुर्तिजापूरच्या यार्डात कुठून आणायचा?