गोळी पोचली, पोटात गेली काय?

नीरेच्या काठी, पुणे-सातारा महामार्गावर भोर तालुक्यातील सारोळे वसले आहे. तेथून पश्चिमेकडे वळले की भाताची खाचरे लागतात. आवणीच्या दिवसांत चिखलात ओणव्या राहिलेल्या बायकांत एखादी पाचव्या महिन्याचीही असते. तिला दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. 'दिवसच तसे आहेत' म्हणून घर ते सोडून देते. वस्तुतः तो रक्तक्षय असू शकतो.

गरोदरपणी रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया अशा आढळल्या. अशा मातेला बाळंतपणातील रक्तस्राव सोसत नाही. मूल अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. ल्यूसी विल्स यांनी मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने त्यांचे रक्त सुधारते, हे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. रोगाचे मूळ ताटात आहे, हा त्याचा अर्थ.

लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. आज चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या गरोदरपणी आणि तितक्याच बाळंतपणानंतर घ्यावयाच्या असतात. परंतु वाटलेली गोळी म्हणजे घेतलेली गोळी नव्हे. मळमळ होते, शौचास काळे होते, 'मूल फार वाढेल, बाळंतपण अडेल' अशी धास्ती घातली जाते. आणि पाकीट फळीवरच राहते. शौचाचा काळा रंग निरुपद्रवी असतो, एवढे कोणी सांगितले तरी अर्धी भीती सरेल. गोळीसोबत चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, जेवणात लिंबू वा आवळा असावा, हेही सांगण्यास पैसा लागत नाही.

मात्र खरा दोष याहून खोल आहे. घरातील सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले जेवणारी मुलगी सासरी येते तीच रिकाम्या रक्ताने. नोंदवहीत गोळ्यांचा आकडा भरून हा हिशेब मिटणार नाही. शाळेतल्या मुलींची तपासणी शिक्षकांनी नेटाने करवून घ्यावी आणि घरच्यांनी गर्भवतीचे ताट आधी वाढावे. आशा कार्यकर्ती दारापर्यंत येते. पुढचे काम घराचे आहे.