जखम तिथे मलम

आमच्या शेंदूरजनाघाटात कोणाच्याही ओसरीवर बसा, गोष्ट फिरून संत्र्यावर येते. आंबिया किती धरला, मृग फुटला का, जंभेरीच्या खुंटावरची कलम कोणत्या नर्सरीतून आणली. शरीराच्या एका जागेविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मीही दीड वर्ष काढला नाही.

बँकेत असताना ताळ्यात चार आण्यांचा फरक आला, तर रात्रीचे दहा वाजले तरी मी घरी जात नसे. आणि इथे शौचातून रक्त पडत होते, शेंब पडत होती, दिवसातून आठदा धावावे लागत होते. तो सारा फरक मी ‘मूळव्याध’ या खात्यावर टाकून मोकळा झालो. कोणीतरी दिलेल्या पुड्याही खाल्ल्या. शेवटी बायकोच म्हणाली, “अवो, डाक्टरले दाखवाची कायची लाज? मी येते ना संगं.”

नागपूरला दुर्बिणीने तपासणी झाली, आतड्याचा तुकडा काढून तपासला. आमांश किंवा आतड्याचा क्षय नाही ना, हेही पाहिले. आपल्याकडे ते पाहावेच लागते. दुखणे निघाले अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि वर चढते. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि सोबत मेसालामिनचा एनिमा. मी गोळ्या तेवढ्या घेतल्या. एनिमाची चिठ्ठी खिशातच राहिली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारले, “संत्र्याला डिंक्या लागला तर काय करता?”

“खोड खरवडून बोर्डोमलम लावतो.”

“आणि नुसतं पानांवर फवारलं तर?”

मी गप्प बसलो. उत्तर मला ठाऊक होते.

या औषधाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. स्वीडनच्या डॉ. नाना श्वार्ट्‌झ यांनी १९४०च्या सुमारास सल्फासालाझिन हे औषध आणले. ते दोन घटकांचे जोड-औषध. त्यातला गुणकारी घटक कोणता? १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये डॉ. ट्रूलव्ह यांच्याबरोबर काम करणारे आझाद खान यांनी हे कोडे सोडवले. ते पुढे बांगलादेशात मधुमेहाच्या कामासाठी नावाजले. त्यांनी दोन्ही घटक वेगवेगळे, एनिमावाटे, थेट सुजेवर सोडून पाहिले. गुणकारी ठरला तो मेसालामिन. म्हणजे ज्या वाटेची मला लाज वाटत होती, त्याच वाटेने या औषधाची ओळख पटली होती.

आता रीत सांगतो. शौचाला जाऊन आल्यावर, झोपण्यापूर्वी घ्यायचा. बाटली चांगली हलवायची आणि गार असेल तर हातात धरून ऊब द्यायची. डाव्या कुशीवर निजायचे, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो. टोकाला जेली लावून ते बेंबीच्या दिशेने अलगद सरकवायचे. अडले तर जोर करायचा नाही. बाटली सावकाश दाबायची आणि दाबलेलीच ठेवून बाहेर काढायची, नाहीतर औषध परत ओढले जाते. मग निदान अर्धा तास तसेच पडून राहायचे. रात्रभर राहिले तर उत्तम. पहिले काही दिवस माझे औषध पाच मिनिटांत बाहेर यायचे. हळूहळू आतड्याला सवय झाली. अंगाखाली बायकोचे जुने लुगडे असते, कारण या औषधाचे डाग कापडावरून, फरशीवरून जात नाहीत.

आजार गुदाशयापुरताच असेल, तर बोटाच्या पेराएवढी सपोझिटरीही पुरते. ती उष्णतेने मऊ होते. आमच्या वऱ्हाडातल्या मे महिन्यात ती कपाटात नव्हे, थंड जागी ठेवावी. एनिमाची बाटली मात्र गोठू देऊ नये, आणि आतले औषध गडद तपकिरी झाले असेल तर वापरू नये.

दमा, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या चुकवू नयेत. औषध सुरू केल्यावर पोटातली कळ, रक्ताचे जुलाब किंवा ताप वाढला, तर ते थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. स्टिरॉइडचा एनिमा दिला असेल, तर मनाने लांबवू नये. साबणाचे पाणी किंवा घरगुती काढा त्या वाटेने कधीही सोडू नये; सुजलेले अस्तर आणखी भाजते. दुखण्यावरच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सर्वांत मोठी चूक मी बरे वाटल्यावर केली. महिनाभरात रक्त थांबले आणि मी औषधही थांबवले. तीन महिन्यांनी दुखणे व्याजासकट परत आले. निरोगी झाडालासुद्धा आपण पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डोमलम लावतोच की! आता डॉक्टरांनी ठरवलेल्या रात्री मी बिनबोभाट डाव्या कुशीवर होतो.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. २००७ साली त्यांनी पद सोडले. नव्या औषधाने सावरून २०१२ साली ते परत आले आणि जवळपास आठ वर्षे देश चालवला. २०२० साली आजार उलटला, तेव्हा पत्रकार परिषदेत आजाराचे नाव घेऊन त्यांनी पद सोडले. एवढा मोठा माणूस हे जगासमोर बोलू शकला, आणि मला ते घरात बोलायला दीड वर्ष लागले.

परवा नर्सरीवाल्या एका मित्राने मला बाजूला घेतले. हळूच म्हणाला, “भाऊ, मलेबी रगत पडते.”

मी त्याला दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या गाडीत बसवला.